भिंग पारखणारा डोळा : दुकान, टपाल आणि आंतरजाल

कॅमेऱ्याचे भिंग दुकानातून घ्यावे की आंतरजालावरून मागवावे, हा विषय छायाचित्रणाचा छंद असलेल्या दोन माणसांत निघाला की थोड्याच वेळात त्याला वादाचे रूप येते. एक पक्ष किमतीचा दाखला देतो, दुसरा अनुभवाचा. एकाच्या मते दुकानदार म्हणजे मधल्या मध्ये नफा खाणारा दलाल. दुसऱ्याच्या मते आंतरजालावरची खरेदी म्हणजे डोळे बांधून केलेला सौदा. आम्ही या वादात दोन्ही बाजूंनी बोललो आहोत आणि सोयीप्रमाणे बाजू बदललीही आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता धरून चालतात. ती अशी, की दुकान ही जुनी रीत आणि दुरून मागवणे ही नवी. ही समजूत इतिहासाला धरून नाही. भिंगाच्या बाबतीत, निदान आपल्या देशात, न पाहता मागवणे हीच मूळची रीत होती आणि दुकानात जाऊन पारखून घेणे ही पुढे, काही विशिष्ट परिस्थितीत, रुजलेली सवय होती. हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या वादातील बराचसा आवेश ओसरतो आणि खरा प्रश्न कोणता होता ते दिसू लागते.

तो प्रश्न भिंगाच्या स्वभावातून उद्भवतो. कापड बोटांनी चाचपता येते, आंबा हुंगता येतो, सोने कसोटीवर घासता येते. भिंगाचे तसे नाही. हातात घेतलेले भिंग वजनाला जड लागते, त्याच्या काचेवर जांभळट किंवा हिरवट झाक दिसते, कडे फिरवले तर ते सुरळीत फिरते की अडते एवढे कळते. परंतु त्याचा खरा गुण, म्हणजे चित्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ते रेषा किती स्वच्छ उमटवते, उजेडासमोर धरले असता किती धुकट होते, हा त्यातून चित्र घेऊन ते मोठे करून पाहिल्याखेरीज समजत नाही. सामान्य गिऱ्हाइकाला खरेदीपूर्वी ही परीक्षा करता येत नाही. म्हणून त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यावर विसंबावे लागते. भिंगांच्या व्यापाराचा इतिहास हा एका अर्थी या उसन्या डोळ्यांचा इतिहास आहे.

आरंभ १८३९ पासून करू. त्या वर्षी दगेर यांची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्यांच्या कॅमेऱ्याला शार्ल शेव्हालिए यांनी बनवलेले भिंग होते. निसर्गदृश्यांना ते ठीक होते, पण त्यातून प्रकाश इतका थोडा येई, की माणसाचे चित्र घ्यायचे तर त्याला कित्येक मिनिटे निश्चल बसवावे लागे. १८४० मध्ये व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनी आकडेमोड करून एक नवे भिंग रचले. या आकडेमोडीसाठी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबनीस सैनिकांची मदत मिळाली होती. हे भिंग जुन्या भिंगाच्या सुमारे पंधरा ते वीस पट प्रकाश आत घेई आणि त्यामुळे व्यक्तिचित्रांचा व्यवसाय शक्य झाला. भिंग प्रत्यक्ष घडवले व्हिएन्नाच्याच पेटर फोइग्टलेंडर यांनी. पुढे मोबदल्यावरून दोघांचे बिनसले, आणि रचनेचा हक्क ऑस्ट्रियापुरताच सुरक्षित असल्याने इतर देशांतील कारागिरांनी तिच्या नकला बिनधास्त केल्या. युरोपच्या बाजारात पेट्झवाल पद्धतीची भिंगे उदंड झाली, त्यांत चांगली होती तशी वाईटही होती.

मग गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? यावर कारखानदारांनी काढलेला तोडगा म्हणजे पितळी नळीवर कोरलेले नाव आणि अनुक्रमांक. आज भिंगाच्या कड्यावर आपण जो क्रमांक पाहतो आणि वॉरंटी कार्डाशी ताडून घेतो, त्याचे मूळ या काळात आहे. कोरलेले नाव हा गिऱ्हाइकाला मिळालेला पहिला उसना डोळा. ‘तू तपासू शकत नाहीस, पण मी तपासले आहे, आणि चुकले तर कोणाकडे यायचे ते इथे लिहिले आहे,’ असा त्या कोरीव अक्षरांचा अर्थ होता.

हिंदुस्थानात ही वस्तू आश्चर्य वाटावे इतक्या लवकर पोचली. कलकत्त्याच्या थॅकर कंपनीने जानेवारी १८४० मध्येच ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्रात दगेरोटाइप कॅमेऱ्यांची जाहिरात दिली होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून तयार झाले. ही सारी मंडळी काम करीत होती ती लंडन, पॅरिस किंवा जर्मनीत बनलेल्या भिंगांवर. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी विलायतेहून माल यायचा तर केपला वळसा घालून किंवा इजिप्तच्या वाळवंटातून. पेटी उघडल्यावर आतले भिंग तडकलेले किंवा भलतेच निघाले, तर परत पाठवण्याचा विचारही करणे कठीण होते. ‘न पाहता मागवणे’ म्हणजे काय, हे खऱ्या अर्थाने त्या पिढीला माहीत होते.

अशा परिस्थितीत सोसायटीसारख्या मंडळाचे महत्त्व केवळ हौशी मेळाव्याचे नव्हते. एकाने मागवलेले भिंग दहा जणांनी पाहिले, त्यातून उतरलेली चित्रे सभेत मांडली गेली, की पुढच्याला काय मागवावे याचा अदमास येई. भिंग दुरून येणार हे ठरलेलेच होते, मग जवळ काय असावे? तर ज्यांनी ते वापरले आहे अशी माणसे. हा दुसरा उसना डोळा.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुरून मागवण्याच्या व्यवहाराला दोन मोठे आधार मिळाले. पहिला आधार टपालखात्याचा. १८७७ मध्ये आपल्याकडे व्हॅल्यू पेएबल पोस्टाची पद्धत सुरू झाली. पोस्टमनने पुडके दारात आणावे, गिऱ्हाइकाने पैसे मोजावे आणि खात्याने ते विक्रेत्याला पोचते करावे, अशी ही सोय. मराठी वाचकाला ‘व्ही.पी.ने पाठवावे’ हे शब्द नवे नाहीत. कित्येक पिढ्यांनी पुस्तके आणि मासिकांचे अंक असेच मागवले. दुसरा आधार छापील सूचिपत्राचा. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे जाडजूड सूचिपत्र साम्राज्यभर जात असे आणि त्यात तंबूपासून कॅमेऱ्यापर्यंत सर्व काही असे. या सोसायटीने १८९१ मध्ये मुंबईत आपले भांडार उघडले. काळा घोडा परिसरातली तिची इमारत आजही उभी आहे. म्हणजे आजच्या आंतरजालावरील बाजाराची तीन मुख्य अंगे, चित्रांसह सूची, घरपोच पार्सल आणि दारात पैसे, मुंबईत सव्वाशे वर्षांपूर्वीच होती. फरक एवढाच, की सोसायटीचे सभासदत्व सर्वांना खुले नव्हते. ते मुख्यतः अधिकारी वर्गासाठी होते.

या काळातली मराठी माणसाने केलेली सर्वांत प्रसिद्ध कॅमेराखरेदी दादासाहेब फाळक्यांची. तिच्याकडे या दृष्टीने पाहिले असता फार उद्बोधक वाटते. चित्रपट काढण्याच्या ध्यासाने झपाटलेल्या फाळक्यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. सूचिपत्रे काही अप्राप्य नव्हती. पैसे पाठवून यंत्र बोलावता आले असते. तरी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभारलेल्या पैशावर ते स्वतः बोटीने गेले, कारण जे घ्यायचे ते डोळ्यांनी पाहून, चालवून, समजून घ्यायचे होते. लंडनमध्ये ते गेले ते ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्याकडे. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यात पडू नका असे सुचवले; पण फाळक्यांचा निश्चय पाहून कॅमेरा निवडायला मदत केली. फाळक्यांनी विल्यमसनचा कॅमेरा घेतला आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या हकिकतीतील दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. ज्या माणसाने फाळक्यांना निवड करायला मदत केली, तो कॅमेरे विकत नव्हता. त्याला जाण होती, पण विक्रीत हितसंबंध नव्हता. दुसरी गोष्ट मुंबईतली. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपलेली छोटी फीत पाहून त्यांना भांडवल द्यायला पुढे आलेल्यांत यशवंतराव नाडकर्णी होते, आणि त्यांचा व्यवसाय छायाचित्रणाच्या साहित्याच्या विक्रीचा होता. माल विकणाराच गिऱ्हाइकाचा सावकार आणि पाठीराखा होऊ शकतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. स्थानिक दुकानाच्या बाजूने बोलायचे, तर आम्ही किमतीपासून नव्हे, या प्रसंगापासून आरंभ करू.

कोरलेल्या नावावरचा विश्वास किती आंधळा होऊ शकतो, हे पुढे जपानच्या उदाहरणाने दिसले. १८९० मध्ये येना येथील झाइसच्या कारखान्यात पाउल रुडोल्फ यांनी नव्या जातीच्या काचेवर आधारलेले भिंग सिद्ध केले, १९०२ मध्ये ‘टेसार’ आले, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जर्मन नावाखेरीज उत्तम भिंग ही कल्पनाच उरली नाही. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, हे जगाचे मत होते. १९५० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने निक्कोर भिंगातून त्यांचे एक छायाचित्र घेतले. त्याची स्वच्छता पाहून डंकन चकित झाले. होरेस ब्रिस्टल यांना बरोबर घेऊन ते निप्पॉन कोगाकुच्या कारखान्यात गेले, तेथे त्यांनी आपली जर्मन भिंगे आणि ही जपानी भिंगे ताडून पाहिली, आणि निक्कोर भिंगे पसंत केली. थोड्याच दिवसांत कोरियाचे युद्ध पेटले. डंकन यांनी तेथील चित्रे याच भिंगांतून टिपली. डिसेंबर १९५० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या भिंगांची दखल घेतली आणि बाजाराचे वारे फिरले.

येथे नावाचा उसना डोळा खोटा ठरला आणि स्वतःचा डोळा खरा. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला कारखान्यात जाऊन तपासणी करता येत नाही, हे जपान्यांनी ओळखले. १९५४ मध्ये तेथे निर्यातीच्या कॅमेऱ्यांची तपासणी करणारी संस्था स्थापन झाली. तपासून निघालेल्या मालावर ‘पास्ड’ असा इंग्रजी शब्द असलेले सोनेरी लंबगोल लेबल लागू लागले. जुन्या जपानी कॅमेऱ्यावर किंवा भिंगावर हे लेबल अजूनही कधी कधी चिकटलेले सापडते. विकणाऱ्याहून वेगळा असा तपासनीस असावा, ही कॅबोर्न यांची भूमिका आता एका संस्थेकडे आली होती.

आता आपल्या दुकानाकडे येऊ. ज्या दुकानाची आठवण काढून आज आपण हळहळतो, फोर्टमधील दादाभाई नवरोजी रस्त्यावरचे किंवा बोरा बाजारातले, त्याचा बहर स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत आला, आणि तो टंचाईतून आला. आयातीवर परवान्यांचे निर्बंध होते, शुल्क जबर होते. देशात बनणारा ‘आग्फा क्लिक’सारखा साधा कॅमेरा घराघरांत होता, पण त्याचे भिंग बदलता येत नसे. ज्याला चांगले भिंग हवे त्याच्यापुढे मोजके मार्ग होते. एक तर दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाला गळ घालायची. नाहीतर मुसाफिरखाना, मनीष मार्केट अशा ठिकाणी चोरटा माल शोधायचा. नाहीतर कोणीतरी विकलेले जुने भिंग फोर्टच्या दुकानात येण्याची वाट पाहायची. या तिसऱ्या मार्गावर दुकानदार हा राजा होता. कोणाचे भिंग कोठून आले, कोणी किती वापरले, कोणाच्या घरी ते पावसाळाभर कपाटात बंद होते, याची त्याला खडान्‌खडा माहिती असे. त्याचे ज्ञान खरे होते यात शंका नाही. पण आपण त्याच्याकडे जात होतो याचे एक कारण असेही होते, की दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

आमचा पहिला धडा अशाच एका दुकानातला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, साठवलेले पैसे खिशात घालून आम्ही लांब पल्ल्याचे एक झूम भिंग घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, “फोटो कसले काढता?” आम्ही म्हटले, घरचे, माणसांचे, क्वचित सणासमारंभाचे. त्यांनी झूम परत कपाटात ठेवले आणि पन्नास मिलिमीटरचे एक जुने भिंग काढले. किंमत निम्म्याहून कमी. मग गल्ल्याजवळची विजेरी घेऊन त्यांनी ती भिंगाच्या मागून पेटवली आणि तिरक्या कोनातून आम्हांला आत पाहायला सांगितले. “कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघा. दिसलं, तर कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.” मुंबईच्या दमट हवेत भिंगाच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, ती काचेवरचा लेप खाते, आणि एकदा मुरली की साफ करूनही तिचा डाग राहतो, हे त्यांनी त्या पाच मिनिटांत समजावले. ते भिंग आम्ही पुढे पंधरा वर्षे वापरले.

हा प्रसंग सांगून थांबलो, तर लेख दुकानाच्या बाजूने झुकेल आणि अर्धसत्य होईल. त्यानंतर काही वर्षांनी, दुसऱ्या एका दुकानात, आम्हांला एकाच भिंगाच्या दोन किमती सांगण्यात आल्या, बिलासह एक आणि बिलाविना एक. आम्ही मोह आवरला नाही. वॉरंटी कार्ड मिळाले, पण त्यावर ना शिक्का ना तारीख. आठ महिन्यांत भिंगाची मोटर बंद पडली, आणि दुकानदाराने आम्हांला ओळख दाखवली नाही. दुरुस्ती पदरमोड करून करावी लागली. शिवाय दुकानाचे ज्ञान सर्वांना सारखे मिळत नसे, हेही सांगितले पाहिजे. आमच्या परिचयाच्या एक बाई उत्तम छायाचित्रे काढतात. त्या दुकानात गेल्या की दुकानदार त्यांच्याशी न बोलता त्यांच्या बरोबरच्या पुरुषाशी बोलू लागे. लातूरहून किंवा सावंतवाडीहून आलेल्या विद्यार्थ्याला, हा पुन्हा येणार नाही, हे पाहून भाव सांगितला जाई. जवळच्या दुकानाचे गोडवे गाणाऱ्यांनी, दुकान नक्की कोणाच्या जवळ होते, हे स्वतःला विचारावे.

१९९१ च्या अर्थसंकल्पात कमाल आयातशुल्क १५० टक्क्यांवर आणले गेले. पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरत २००७ पर्यंत १० टक्क्यांवर आले. त्याच सुमारास आंतरजालावरचा बाजार आकार घेऊ लागला होता. ‘बाझी’ हे भारतीय लिलावस्थळ २००४ मध्ये ‘ईबे’ने घेतले, आणि जुनी भिंगे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून मागवता येऊ लागली. ‘फ्लिपकार्ट’ २००७ मध्ये पुस्तकांपासून सुरू झाले आणि २०१० मध्ये त्यांनी माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय आणली. तिचे नवल वाटलेल्यांत आम्हीही होतो. ही तर आजोबांची व्ही.पी., हे फार उशिरा सुचले. ‘अॅमेझॉन’ २०१३ मध्ये भारतात आले. लातूरच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या गिऱ्हाइकाइतकाच भाव पडद्यावर दिसू लागला, आणि त्याचे तोंड पाहून तो बदलेनासा झाला. हे लहानसहान घडले नाही. ज्यांना आर्मी अँड नेव्हीचे सूचिपत्र कधी मिळाले नसते, त्यांच्या हातात आता जगाचे सूचिपत्र होते.

मग पारखणारा डोळा? तोही आंतरजालाने आपल्या परीने पुरवला. भिंगांची प्रयोगशाळेत मोजणी करून आलेख छापले जाऊ लागले, शेकडो लोकांनी आपली चित्रे मांडून मते दिली. १८५४ च्या सोसायटीची सभा जणू जगभर भरू लागली. १९९८ च्या अखेरीस फिल आस्की यांनी इंग्लंडमध्ये ‘डीपी रिव्ह्यू’ हे संकेतस्थळ सुरू केले. कॅमेऱ्यांच्या काटेकोर परीक्षणामुळे ते या छंदातल्या लोकांचे प्रमाणस्थान झाले. २००७ मध्ये ते ‘अॅमेझॉन’ने विकत घेतले. परीक्षकांनी आपला कस सोडला असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण तपासणारा आणि विकणारा एकाच छत्राखाली आले. मार्च २०२३ मध्ये मालकाने ते बंद करण्याची घोषणा केली, आणि पंचवीस वर्षांचा परीक्षणांचा संग्रह नाहीसा होतो की काय अशी वेळ आली. पुढे जूनमध्ये दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने ते घेतले म्हणून वाचले. ‘ईबे’चा भारतातला बाजार तर २०१८ मध्येच बंद झाला होता. फळकुटे लावून बंद होणारे दुकान दिसते तरी; संकेतस्थळ बंद होते तेव्हा शेजाऱ्यालाही कळत नाही.

आंतरजालाचा खरा शोध आमच्या मते किमतीचा नाही, तो परतीच्या मुदतीचा आहे. केपला वळसा घालून आलेले भिंग परत जाऊ शकत नव्हते; आज ते सात-दहा दिवसांत परत किंवा बदलून देता येते. म्हणजे विकणारा म्हणतो, ‘मी तुला डोळा देत नाही, अवधी देतो. या अवधीत तुझा डोळा तू वापर.’ काही वर्षांपूर्वी आम्ही आंतरजालावरून एक जुने भिंग मागवले. वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असे होते. पुडके उघडले आणि आम्ही विजेरी शोधली. आतल्या काचेवर, काठालगत, कोळिष्टकाचे दोन बारीक धागे होते. ते परत गेले, पैसे मिळाले. पण विजेरी मागून धरायची आणि तिरके पाहायचे, हे आम्हांला कोणत्याही संकेतस्थळाने शिकवले नव्हते. ज्यांना हे कोणी दाखवले नाही, ते मुदत संपेपर्यंत ते भिंग आनंदाने वापरतात. अवधीचा उपयोग ज्याला पाहता येते त्यालाच.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दुकाने ओस पडली ती आंतरजालामुळे, असे सरसकट म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये ती संख्या ९० लाखांच्याही खाली होती. हे गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारात गेले नाही, ते मोबाइल फोनकडे गेले. दुकान आणि आंतरजाल हे दोघे भांडत राहिले ते आटत चाललेल्या तळ्याच्या काठावर.

आणि हे दोघे वेगळे आहेत असे तरी कोठे? परकीय भांडवलाच्या कंपन्यांनी स्वतःचा माल न विकता इतर विक्रेत्यांसाठी बाजार चालवावा, असा आपल्या सरकारचा नियम आहे; २०१६ मध्ये तो स्पष्ट शब्दांत मांडला गेला. परिणामी, पडद्यावर बटण दाबून घेतलेले भिंग पुष्कळदा एखाद्या शहरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानातूनच निघते. बिलावरचा पत्ता वाचण्याची सवय ठेवली, तर हे ध्यानात येईल. दुकान नाहीसे झालेले नाही, त्याचा दर्शनी भाग नाहीसा झाला आहे. तो भाग, जिथे गिऱ्हाईक उभे राहत असे आणि त्याला “फोटो कसले काढता?” असे विचारले जाई.

गमावले ते नेमके एवढेच, आणि ते थोडे नाही. सूचिपत्र, कोरलेले नाव, सोनेरी लेबल, आलेख, हजारो लोकांची मते, यांपैकी प्रत्येक डोळा भिंगाकडे पाहतो. गिऱ्हाइकाकडे पाहणारा डोळा एकच होता, तो समोर उभ्या असलेल्या माणसाचा. ‘हे घेऊ नका’ असे आजवर आम्हांला कोणत्याही यादीने सांगितलेले नाही. कॅबोर्न यांनीही फाळक्यांना प्रथम तेच सांगितले होते. फाळक्यांनी ऐकले नाही हे आपले भाग्य, पण त्यांना विचार करायला लावणारे कोणी भेटले, हेही भाग्यच. असे सांगणारे दुकानदार पूर्वीही विरळच होते, हे आम्ही विसरत नाही. पण विरळ असले तरी ते भेटण्याची एक जागा होती.

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्या पहिल्या दुकानाकडे सहज वळलो. वृद्ध गृहस्थ आता नाहीत. काचेचे कपाट अर्ध्याहून रिकामे होते आणि गल्ल्याच्या जागी पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास होती. त्यांचा मुलगा आंतरजालावर आलेल्या मागण्या बांधत होता. त्या दिवशीचे एक भिंग कराडला जायचे होते. आम्ही उभे असताना त्याने ते खोक्यात घालण्याआधी उचलले, खिशातला मोबाइल काढून त्याचा दिवा पेटवला आणि भिंगाच्या मागून तिरका धरून आत पाहिले. मग ते बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळले. कराडच्या त्या गिऱ्हाइकाला हे कळणार नव्हते. आम्ही त्याला विचारले, “हे कोणी शिकवलं?” तो हसला आणि त्याने चिकटपट्टी ओढली.